पाकिटावरील पत्ता

आम्ही लहानपणीं ज्या शाळेंत शिकलों, तिच्या कचेरींत एक वृद्ध कारकून असत. दहा वाजतां टपाल आलें म्हणजे ते चष्मा पुसून डोळ्यांवर चढवीत, प्रत्येक पाकीट चाकूनें एका बाजूनें हलकेंच उघडीत, आणि मग आवक-नोंदवहींत एकेक गोष्ट उतरून घेत: पत्र कोठून आलें, कोणत्या तारखेस पोंचलें, कशाविषयीं आहे, सोबत सहपत्रें किती. एकदां आम्हीं त्यांस धीटपणें विचारलें, "अण्णा, पाकिटावर लिहिलेलें सारें खरें असतें काय?" ते हंसले व म्हणाले, "बाळ, शिक्का टपालखात्याचा असतो. बाकीचें सारें पाठविणाराचें म्हणणें असतें. म्हणणें नोंदवून घ्यावें. पण त्यावरून कोणाचा अर्ज नामंजूर करावयाचा असेल, तर आधीं त्या माणसाला बोलावून विचारावें."

हें उत्तर आम्ही पुढें तीस वर्षें विसरलों होतों. गेल्या नोव्हेंबरांत एका विद्यार्थ्याच्या मौनानें तें आम्हांस पुन्हां आठवून दिलें. ही हकीकत आमच्या चुकीची आहे. ती चूक आम्हीं सकाळच्या प्रार्थनासभेंत सर्वांसमक्ष कबूल केली आहे. परंतु ज्या पालकांच्या कानांवर तिची अर्धीमुर्धी वार्ता गेली, त्यांच्यापर्यंत ती पुरती पोंचावी, असा वार्षिकांकाच्या संपादकमंडळाचा आग्रह पडला. म्हणून हा लेख. चूक समजण्यासाठीं आधीं थोडी यंत्रविद्या समजून घ्यावी लागेल. ती आम्ही शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगतों.

आपण संगणकावर अथवा फोनवर एखाद्या नांवावर बोट ठेवतों आणि पान उघडतें. बोट ठेवलें कीं पान आलें, एवढेंच आपणांस दिसतें. परंतु या दोहोंच्या मध्यें एक पत्रव्यवहार घडलेला असतो. आपला ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे एक अर्ज पाठवितो, आणि सर्व्हर त्या अर्जास उत्तर देतो. या अर्जास 'रिक्वेस्ट' म्हणतात. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९९१ च्या सुमारास ही रीत घालून दिली, तेव्हां अर्ज एकाच ओळीचा असे: 'गेट' हा शब्द, आणि त्यापुढें हव्या असलेल्या पानाचा पत्ता. मागणारा कोण, तो कोणत्या साधनानें आला, कोणती भाषा जाणतो, याची वास्तपुस्त नव्हती. मे १९९६ मध्यें 'एच. टी. टी. पी.' या नियमावलीची १.० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली, तोंपर्यंत अर्जास मथळ्याच्या ओळी जोडण्याचा प्रघात पडला होता. या ओळींस 'हेडर' असें नांव आहे.

आजचा अर्ज पाहिला तर त्यांत अशा दहा-वीस ओळी सहज सांपडतात. 'होस्ट' ही ओळ सांगते, कीं आपणांस कोणत्या संकेतस्थळाशीं बोलावयाचें आहे. कारण एकाच यंत्रांत अनेक स्थळें बिऱ्हाडकरूंसारखीं नांदत असतात. 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' सांगते, कीं उत्तर मराठींत मिळालें तर बरें. 'कुकी' ही सर्व्हरनेंच पूर्वीं दिलेली चिठ्ठी असून ब्राउझर ती प्रत्येक भेटींत परत दाखवितो. ही युक्ति नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली यांनीं १९९४ मध्यें काढली. आणखी एक ओळ आपण कोणत्या पानावरून आलों तें सांगते. तिचें नांव 'रेफरर'. या इंग्रजी शब्दांतील एक 'आर' हें अक्षर १९९६ च्या त्या नियमावलींतच गळालेलें आहे. आणि पुढें असंख्य प्रोग्राम त्या अशुद्ध रूपावर उभे राहिल्यामुळें तें आजतागायत कोणास दुरुस्त करतां आलेलें नाहीं. शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. शेवटची ओळ 'युझर-एजंट'. तींत ब्राउझर आपलें व आपल्या यंत्राचें नांव सांगतो. या ओळीचें आमच्या हकीकतींत मोठें काम आहे.

असे अर्ज दर वेळीं अक्षरशः वाचून त्यांतून हवें तें वेंचून काढणें फार जिकिरीचें असतें. म्हणून प्रोग्राम लिहिणाराच्या मदतीस फ्रेमवर्क, म्हणजे तयार चौकट, असतें. आमच्या संगणक-मंडळांत आम्ही 'जँगो' नांवाचें फ्रेमवर्क शिकवितों. तें जन्मलें एका वृत्तपत्राच्या कचेरींत. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत लॉरेन्स नांवाचें शहर आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकाचें वेबचें काम पाहणारे एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनीं तें २००३ मध्यें लिहावयास घेतलें. वृत्तपत्राचें काम, तेव्हां सारें तासांच्या हिशेबानें हवें. त्या घाईंतून हें सुटसुटीत साधन तयार झालें, व जुलै २००५ मध्यें तें सर्वांस विनामूल्य खुलें करण्यांत आलें. त्यास नांव दिलें आहे जँगो राइनहार्ट या प्रसिद्ध गिटारवादकाचें. आगीत डाव्या हाताचीं दोन बोटें अधू झालीं असतांहि त्या वादकानें उरलेल्या बोटांनीं जग डोलविलें.

अर्ज आला कीं जँगो त्याचीं पानें सुटीं करून 'रिक्वेस्ट' नांवाच्या एकाच फाइलींत लावून ठेवतें. तिच्यांत निरनिराळे कप्पे असतात. 'मेथड' या कप्प्यांत अर्जाचा हेतु असतो: नुसतें पान पाहावयाचें असेल तर 'गेट', कांहीं भरून द्यावयाचें असेल तर 'पोस्ट'. पानाच्या पत्त्यास शेपटासारखे जोडून आलेले प्रश्न एका कप्प्यांत, नमुन्यांत भरलेलीं उत्तरें दुसऱ्यांत. 'फाइल्स' मध्यें सहपत्रें, 'कुकीज' मध्यें आपण पूर्वीं दिलेल्या चिठ्ठ्या, 'हेडर्स' मध्यें मथळ्याच्या ओळी. शेवटच्या 'मेटा' या कप्प्यांत त्याच ओळी असतात, व शिवाय सर्व्हरनें स्वतः टिपलेल्या कांहीं गोष्टीहि असतात. त्यांत 'रिमोट ॲड्रेस', म्हणजे जोडणी ज्या आय. पी. पत्त्यावरून आली तो पत्ता, हा मुख्य.

या नव्या कारकुनाच्या दोन संवयी आम्हांस फार आवडतात. आलेल्या उत्तरांत तो कोणास खाडाखोड करूं देत नाहीं. फेरफार करावयाचा असेल तर आधीं नक्कल काढा आणि मग नकलेवर काय तें करा, असा त्याचा दंडक आहे. आणि जें उत्तर अर्जांत नाहीं, तें तो आपल्या पदरचें घालून भरीत नाहीं. 'नाहीं' म्हणून सांगतो. परंतु अर्जदारानें स्वतःविषयीं जें लिहिलें तें खरें कीं खोटें, याचा निवाडा तो करीत नाहीं. तो ज्याच्या टेबलावर फाइल ठेवतो, त्याचें तें काम असतें. येथें तो टेबलावरचा माणूस आम्ही होतों.

आतां हकीकत. स्नेहसंमेलनाच्या चिटणिसाची निवडणूक आमच्या शाळेंत पूर्वीं कागदी चिठ्ठ्यांनीं होत असे. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनीं ती वेबवर घेण्याचें काम आमच्यावर सोंपविलें. आम्हीं जँगोमध्यें एक लहानसें संकेतस्थळ तयार केलें. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनीं शुक्रवारच्या सायंकाळपासून रविवारच्या रात्रीपर्यंत केव्हांहि पान उघडावें, आपला हजेरीक्रमांक लिहावा व मत द्यावें. एका क्रमांकास एकच मत. शिवाय कोणी लबाडी केल्यास कळावें म्हणून प्रत्येक मताबरोबर दोन गोष्टी नोंदविण्याची व्यवस्था आम्हीं केली: 'रिमोट ॲड्रेस' आणि 'युझर-एजंट'.

चांचणीच्या दिवशीं एक गंमत झाली. दहा मुलांनीं दहा ठिकाणांहून अर्ज पाठविले, तरी प्रत्येकाचा पत्ता १२७.०.०.१ असाच दिसूं लागला. हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. आमच्या प्रोग्रामच्या दारांत एक द्वारपाल-प्रोग्राम उभा असतो. बाहेरचे अर्ज तो घेतो व आंत नेऊन देतो. आमच्या प्रोग्रामास फक्त तो द्वारपालच दिसत होता, आणि तो त्याच यंत्रांत राहत असल्यामुळें सर्व जग आपल्याच घरांतून बोलत आहे असें त्यास वाटत होतें. खरा पाहुणा कोठून आला तें द्वारपाल 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या वेगळ्या ओळींत लिहून देतो. परंतु पाहुण्यानेंहि त्या ओळींत आधींच कांहीं लिहून आणलेलें असूं शकतें, व द्वारपाल आपली नोंद त्याच्या शेवटीं जोडतो. तेव्हां शेवटची नोंद तेवढी आपल्या माणसाची, आधींची कोणाचीहि. जँगोच्या जुन्या आवृत्त्यांत या ओळीवर आपोआप विश्वास ठेवणारा एक भाग असे. तो सर्व ठिकाणीं निर्धोक चालणें शक्य नाहीं, हें ओळखून कर्त्यांनीं जुलै २००९ मध्यें निघालेल्या १.१ या आवृत्तींत तो काढून टाकला. आम्हीं ही दुरुस्ती मोठ्या अभिमानानें केली, मुलांस समजावून दिली, आणि आतां आपणांस पत्ता वाचतां येतो असें मानून स्वस्थ बसलों. एवढा धडा समोर येऊनहि त्याचा अर्थ आमच्या ध्यानांत आला नाहीं, याचें आज आश्चर्य वाटतें.

सोमवारीं सकाळीं आम्हीं मतें मोजलीं. एकंदर २१२. तीन उमेदवार होते. त्यांतील एक मुलगा वसतिगृहांत राहणारा; त्याचे आईबाप त्या वेळीं ऊसतोडीस दूर कारखान्याच्या तळावर गेले होते. त्यास ८८ मतें पडलेलीं दिसलीं. परंतु त्यांपैकीं ४१ मतें पाहून आम्ही चमकलों. तीं सारीं शनिवारीं सायंकाळीं साडेसात ते आठ या अर्ध्या तासांत आलीं होतीं. सर्वांचा पत्ता एकच. आणि सर्वांच्या 'युझर-एजंट' मध्यें एकच मजकूर: 'अँड्रॉइड १०, के'. एकच घर, एकच फोन, एकच अर्धा तास! वसतिगृहाची यादी भिंतीवर लावलेलीच असते. तिच्यावरून एकामागून एक क्रमांक लिहून एका मुलानें ४१ मतें स्वतःस दिलीं, असें आमच्या मनानें तेव्हांच ठरवून टाकलें.

मधल्या सुटींत आम्हीं त्यास कचेरींत बोलाविलें.

"हीं मतें कोणीं दिलीं?"

"सर, आमच्या वसतिगृहांतल्या मुलांनीं."

"एकाच फोनवरून?"

"नाहीं सर. ज्यानें त्यानें आपापल्या फोनवरून."

आम्हीं संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरविला आणि म्हटलें, "हें पाहा. माणूस खोटें बोलतो. यंत्र खोटें बोलत नाहीं."

त्यानें पडद्याकडे पाहिलें. त्या आंकड्यांचा अर्थ त्यास कळणें शक्यच नव्हतें. मग तो खालीं पाहूं लागला, आणि थोड्या वेळानें "बरं सर" एवढेंच म्हणून निघून गेला. त्याचें गप्प बसणें ही आम्हीं कबुली समजली. आम्हीं सूचनाफलकावर लिहविलें, कीं ४१ मतें संशयास्पद आढळल्यामुळें बाद करण्यांत आलीं आहेत. नांव लिहिलें नव्हतें. परंतु शाळेंत नांव न लिहिलेली गोष्ट सर्वांस आधीं कळते. मंगळवारीं त्याच्या बांकावर कोणीं खडूनें '४१' लिहून ठेवलें, हें आम्हांस मागाहून समजलें.

बुधवारीं सायंकाळीं आम्ही शिक्षकांच्या खोलींत बसून संगणक-मंडळासाठीं पाठाची तयारी करीत होतों. पाठाचा विषय, लबाडी कशी ओळखावी! नवी नोंद कशी दिसते तें मुलांस दाखवावें म्हणून आम्हीं स्वतःच्या फोनवरून पान उघडलें, आणि नोंद पाहिली. पत्ता तोच, जो त्या ४१ मतांचा होता. यंत्राचें वर्णन: 'अँड्रॉइड १०, के'. आमचा फोन तर अँड्रॉइड १३ या आवृत्तीचा. शेजारीं गणिताच्या बाई वह्या तपाशीत होत्या. त्यांचा फोन निराळ्या कंपनीचा. तो मागून घेऊन पान उघडलें. पत्ता तोच, 'अँड्रॉइड १०, के'. आम्हीं ज्यास पुरावा म्हणत होतों, त्या पुराव्यानें आम्ही दोघेहि गुन्हेगार ठरत होतों.

त्या रात्रीं जेवण सुचलें नाहीं. जें आधीं वाचावयास हवें होतें, तें तेव्हां वाचलें. आय. पी. पत्त्याची जी जुनी पद्धत सप्टेंबर १९८१ मध्यें ठरली, तींत जास्तींत जास्त ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६ पत्ते होऊं शकतात. आरंभीं ते अपार वाटले. परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजीं त्यांच्या जागतिक साठ्यांतील शेवटचे गट वांटून संपले. म्हणून एका इमारतीस अथवा आवारास मिळून बाहेरचा पत्ता एकच असतो. आंत शंभर यंत्रें असलीं तरी बाहेर पडतांना सारीं तोच पत्ता सांगतात. कित्येक मोबाइल कंपन्यांचे तर हजारों ग्राहक एकेका पत्त्याआड असतात. आमच्या शाळेचें व वसतिगृहाचें आवार एक, जोडणी एक. मग पत्ता दुसरा कोठून असणार? बाकीच्या मुलांनीं आपापल्या घरून मतें दिलीं म्हणून त्यांचे पत्ते निराळे दिसले, इतकेंच.

आणि 'अँड्रॉइड १०. के' हें काय? गूगल कंपनीचा क्रोम हा ब्राउझर पूर्वीं फोनची खरी आवृत्ति व नमुना सांगत असे. त्या तपशिलावरून माणसाचा माग काढतां येतो, म्हणून २०२३ पासून त्यानें तें सांगणें थांबविलें. आतां अँड्रॉइडवर चालणारा कोणताहि फोन असो, क्रोम त्याचें वर्णन 'अँड्रॉइड १०. के' असेंच करतो. ग्राहकाचें खासगीपण राखण्यासाठीं सर्वांच्या अंगावर घातलेला तो एक गणवेश आहे. आम्हीं गणवेश पाहिला आणि एकच मुलगा चाळीस वेळां आला असें ठरविलें! या ओळीवर विसंबूं नये, हें तिच्या जन्मकथेवरूनहि कळावयास हवें होतें. १९९४ मध्यें नेटस्केपचा ब्राउझर आपलें नांव 'मोझिला' असें सांगे. त्यास सर्व्हर चांगलीं पानें देत, म्हणून पुढील प्रतिस्पर्धी ब्राउझरांनींहि आपणांस 'मोझिला' म्हणवून घेण्यास आरंभ केला. आणि आज क्रोम, सफारी, एज, फायरफॉक्स हे सारे आपल्या ओळीचा आरंभ 'मोझिला' यानेंच करतात.

गुरुवारीं उजाडतांच आम्ही वसतिगृहाच्या रेक्टरांकडे गेलों. त्यांनीं सांगितलें तें एका वाक्याचें होतें: मुलांचे फोन आठवडाभर कपाटांत कुलूपबंद असतात, आणि घरीं बोलण्यासाठीं शनिवारीं साडेसात ते आठ एवढाच वेळ हातांत मिळतात. आमच्या टेबलापासून रेक्टरांचें घर दोनशें पावलांवर आहे. अमेरिकेंतील फ्रेमवर्काचा इतिहास आम्हांस ठाऊक होता. हीं दोनशें पावलें मात्र आम्हीं टाकलीं नव्हतीं. त्या ४१ मुलांनीं आईशीं बोलण्याच्या अर्ध्या तासांतून कांहीं मिनिटें काढून आमच्या पानावर मत दिलें होतें, आणि आम्हीं तें केराच्या टोपलींत टाकलें होतें.

तो मुलगा नळावर तोंड धूत होता. आम्हीं त्यास हांक मारली व म्हटलें, "अरे, चूक माझी झाली. तूं खरें सांगत होतास." तो कांहीं वेळ उभाच राहिला. मग त्यानें विचारलें, "सर, मग त्या मुलांचीं मतें धरणार ना?" स्वतःविषयीं तो एक शब्दहि बोलला नाहीं.

प्रार्थनासभेंत आम्हीं सर्वांपुढें चूक सांगितली व क्षमा मागितली. चाळिशी उलटलेल्या शिक्षकास तीनशें मुलांपुढें हें बोलणें जड जातें, हें कबूल केलें पाहिजे. पण फलक सर्वांनीं वाचला होता, तेव्हां क्षमाहि सर्वांनीं ऐकणें न्याय्य होतें. मग ४१ मतें धरून निकाल लावला. एका विद्यार्थिनीस ९४ मतें होतीं, त्यास ८८. तो सहा मतांनीं हरला. तेव्हां आम्हीं त्याचें पद हिरावलें नव्हतें, त्यास पद परतहि देतां आलें नाहीं. नांव मात्र हिरावलें होतें, आणि तें परत देणें एवढेंच आमच्या हातीं होतें. निकाल ऐकून तो प्रथम त्या मुलीचें अभिनंदन करण्यास गेला. आणि स्नेहसंमेलनाच्या दोन्ही रात्रीं पडद्याची दोरी ओढण्याचें काम त्यानें मागून घेतलें.

यावरून यंत्रविद्येचें जें तात्पर्य आम्ही काढलें तें आमच्या संगणक-मंडळाच्या फळ्यावर आतां कायम लिहिलेलें आहे. रिक्वेस्टमधील माहिती तीन प्रकारची असते. एक, अर्जदार स्वतःविषयीं सांगतो ती: ब्राउझरचें नांव, आपण कोठून आलों, नमुन्यांत भरलेलें सारें. हें म्हणणें आहे. कोणीहि कांहींहि म्हणूं शकतो, आणि कोणी सरळ मनानेंहि निराळें म्हणूं शकतो. दुसरी, सर्व्हर स्वतः पाहतो ती: जोडणीचा पत्ता आणि वेळ. हें पाहिलेलें असतें, परंतु त्यावरून दार कळतें, दारामागचा माणूस कळत नाहीं. तिसरी, आपणच पूर्वीं देऊन ठेवलेली व आतां परत आलेली खूण. ओळख पटवावयाची ती या तिसरीनेंच. जँगोहि हेंच करतें: एकदां ओळख पटली कीं तें ब्राउझरास एक यादृच्छिक, तर्कानें न सांपडणारा क्रमांक कुकीच्या रूपानें देतें, खरी माहिती आपल्यापाशीं ठेवतें, आणि पुढें तो क्रमांक परत येतो कीं नाहीं तेवढें पाहतें.

पुढील निवडणुकीसाठीं आम्हीं याप्रमाणें फेरफार केले आहेत. प्रत्येक विद्यार्थ्यास वर्गशिक्षकांच्या हातून एक बंद चिठ्ठी मिळेल. तिच्यांत त्याच्यापुरता एक गुप्त क्रमांक असेल, व तो लिहिल्यावांचून मत पडणार नाहीं. 'युझर-एजंट' नोंदविणें आम्हीं बंद केलें आहे. मुलांविषयीं जी माहिती न्यायाच्या उपयोगी नाहीं ती सांठवून ठेवण्याचें कारण नाहीं. आणि रेक्टरसाहेबांनीं मतदानाच्या शनिवारीं फोनची वेळ पंधरा मिनिटें वाढवून देण्याचें मान्य केलें आहे. आमच्या मतें या तिन्हींत ही शेवटची सुधारणा सर्वांत मोलाची आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील पुष्कळजण पुढें हीच विद्या शिकाल. पेढ्यांचे, इस्पितळांचे, सरकारी कचेऱ्यांचे अर्ज तुमच्या प्रोग्रामांच्या टेबलावर येतील, आणि कोणाचा अर्ज मंजूर व कोणाचा नामंजूर हें तुमच्या दोन ओळींवर ठरेल. त्या वेळीं पडद्यावरील आंकडे तुम्हांस हेंच सांगतील, कीं यंत्र खोटें बोलत नाहीं. तें खरेंहि आहे. यंत्रानें आम्हांसहि खोटें कांहींच सांगितलें नव्हतें: एक पत्ता होता, तो एकच होता, एक ओळ होती, ती तीच होती. खोटें होतें तें आम्हीं त्यांवरून काढलेलें अनुमान.

आणि पालकहो, आपल्या मुलाविषयीं शाळेकडून कधीं कांहीं कठोर ऐकूं आलें, तर तें कशावरून ठरविलें, असें आम्हांस अवश्य विचारीत जा. त्या ऊसतोडीच्या तळावर आमच्या मुलाचें नांव खराब झाल्याची बातमी कोणीं पोंचविली नव्हती, हें आमचें सुदैव. तरीहि आम्हीं फोन करून त्याच्या वडिलांस सारें सांगितलें. ते ऐकून घेऊन म्हणाले, "गुरुजी, पोरगं खोटं बोलत नाही, हे आम्हाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

अण्णा कारकुनांस जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. त्यांची ती आवक-नोंदवहीहि कोठें असेल कोण जाणे. परंतु नामंजूर लिहिण्यापूर्वीं माणसाला बोलावून विचारावें, आणि तो सांगेल तें ऐकावें, हा त्यांचा नियम आमच्या प्रोग्रामांत कोणत्याहि कप्प्यांत सांपडत नाहीं. तो आम्हांसच पाळावा लागणार.